हायब्रिड की इलेक्ट्रिक : पुण्यातील एका कुटुंबाच्या वाहनखरेदीचा प्रकरण अभ्यास

पुण्यातील कोथरूड परिसरात राहणाऱ्या पाच जणांच्या एका कुटुंबाने २०२५ च्या दसऱ्याच्या सुमारास नवी मोटार घेण्याचे ठरवले. बारा वर्षे वापरलेली पेट्रोलची लहान गाडी शहरात लिटरला जेमतेम बारा किलोमीटर धावत होती आणि गेल्या दोन वर्षांत तिच्या दुरुस्तीवरचा खर्च वाढत चालला होता. घरात आजोबा, आजी, मुलगा, सून आणि महाविद्यालयात जाणारी नात अशी माणसे आहेत. मुलगा आठवड्यातून चार दिवस हिंजवडीला गाडीने जातो. सून जवळच्याच शाळेत शिकवते आणि तिचे काम स्कूटरवर भागते. मूळ गाव गुहागर तालुक्यात असून गणपती, शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी अशा तीन खेपा दरवर्षी होतात. घराच्या वाट्याला इमारतीखालची पार्किंगची एकच जागा आहे, त्यामुळे जुनी गाडी ठेवून शहरासाठी दुसरी घ्यावी ही सोयीची वाट पहिल्याच दिवशी बंद झाली होती. प्रस्तुत लेखकाला या घरी हिशेब तपासण्यासाठी बोलावण्यात आले, तोपर्यंत मुलाने हायब्रिडचे आणि नातीने इलेक्ट्रिकचे वकीलपत्र घेतलेले होते, आणि आजोबांनी दोघांच्याही विरोधात साध्या पेट्रोल गाडीचे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करावा लागला. विक्रेत्याने दाखवलेल्या तीन ‘हायब्रिड’ गाड्यांपैकी दोन प्रत्यक्षात माइल्ड हायब्रिड होत्या. अशा गाडीत एक लहान मोटर इंजिनाला सुरू होताना आणि वेग घेताना हातभार लावते, पण निव्वळ विजेवर गाडी हलवण्याची ताकद तिच्यात नसते, आणि इंधनातील बचतही बेताचीच असते. स्ट्राँग हायब्रिड हे निराळे प्रकरण आहे. ग्रँड विटारा किंवा अर्बन क्रूझर हायरायडर यांसारख्या गाड्यांत दीड लिटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, त्याच्या जोडीला गाडी एकट्याने ओढू शकणारी मोटर आणि ०.७६ युनिट क्षमतेची बॅटरी असते. (किलोवॅट-तासाला आपण बोलताना युनिट म्हणतो, या लेखातही तोच शब्द ठेवला आहे.) सिग्नलला किंवा कोंडीत इंजिन बंद राहते, गाडी विजेवर सरकते, ब्रेक लावताना वाया जाणारी गती बॅटरीत परत येते, आणि बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होऊन तिला भरते. बाहेरून वायर लावण्याची सोयही नसते आणि गरजही नसते. म्हणजे अशा गाडीत शिरणारी सगळी ऊर्जा अखेर पेट्रोलच्या टाकीतूनच येते, फक्त ती काटकसरीने वापरली जाते. कंपनीचा दावा लिटरला २७.९७ किलोमीटरचा असला तरी हिंजवडीचा रस्ता, बाराही महिने लागणारा एसी आणि अधूनमधून महामार्ग धरून या घरासाठी २० हा आकडा घेतला. इथे एक उलटसुलट गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. साधी पेट्रोल गाडी महामार्गावर चांगला ॲव्हरेज देते आणि शहरात मार खाते. स्ट्राँग हायब्रिडची खरी कमाई शहराच्या कोंडीतच होते, आणि द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने तासभर धावताना तिचा फायदा बराच आटतो.

इलेक्ट्रिकच्या बाजूने सुमारे ५० युनिट क्षमतेची बॅटरी असलेली, चार मीटरहून थोडी लांब गाडी विचारात घेतली होती. याहून लहान बॅटरीची गाडी चार-पाच लाखांनी स्वस्त मिळत होती, परंतु गावाच्या रस्त्याचा विचार करता ती घरातल्या कोणालाच पटली नाही.

किमतींच्या बाबतीत एक आश्चर्य निघाले. शोरूममधील किंमत पाहता इलेक्ट्रिक गाडी दोन लाखांहून अधिक महाग होती, आणि मुलाने वर्षभर मनात धरलेला फरक हाच होता. पण नोंदणीसह कोटेशन हाती आले तेव्हा दोन्ही वीस लाखांच्या आसपास थबकले. याला कारण करांची रचना आहे. इलेक्ट्रिक वाहनांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले तरी चार मीटरहून लांब आणि दीड लिटर इंजिनाची हायब्रिड ४० टक्क्यांच्या गटातच बसते. त्याआधी उपकरासह हा भार ४३ टक्के होता. शिवाय महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के वाहन कर लागतो, आणि हायब्रिडला त्यातून सूट नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक मोटारीला हा कर माफ आहे. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांवरील इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला गेला होता, पण तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला. या घराचा त्याच्याशी तसाही संबंध नव्हता. सुनेच्या एका सहकारी शिक्षिकेने कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात दीड लाखांची वजावट मिळते असे सांगितले होते. ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती, त्यामुळे कागदावरून तो आकडा खोडावा लागला.

आता वापराचा हिशेब. हिंजवडीची जा-ये रोज चाळीस किलोमीटर, आठवड्याला चार दिवस आणि वर्षाला अठ्ठेचाळीस आठवडे धरून सुमारे ७,७०० किलोमीटर होते. शहरातील इतर कामांचे ३,०००, गावच्या तीन खेपांचे १,८०० आणि मुंबई, कोल्हापूर, नाशिक अशा प्रवासांचे १,५०० मिळवले की वर्षाचे १४,००० किलोमीटर भरतात. हायब्रिडला त्यासाठी ७०० लिटर पेट्रोल लागेल, आणि लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाचे ७२,८०० रुपये होतील. जुन्या गाडीवर याच अंतरासाठी सव्वा लाखाच्या जवळपास जात होते, त्यामुळे मुलगा इथेच समाधान मानायला तयार होता.

इलेक्ट्रिक गाडीला चार्ज होताना वाया जाणारी वीज धरून किलोमीटरला ०.१६ युनिट, म्हणजे वर्षाला २,२४० युनिट लागतील असा अंदाज केला. त्यांतील पंधरा टक्के बाहेरच्या जलद चार्जरवर युनिटला २२ रुपयांनी आणि उरलेले सुमारे १,९०० युनिट घरी भरले जातील असे मानले. नातीने घरच्या विजेचा दर काढण्यासाठी मागच्या बिलाची रक्कम एकूण युनिटांनी भागली आणि प्रत्यक्षाहून बराच कमी आकडा मांडला. हीच चूक या विषयावर लिहिणारे अनेक जाणते लोकही करतात. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. पहिले शंभर युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा टप्पा त्याहून महाग आणि ३०१ ते ५०० चा आणखी. या घराचा महिन्याचा वापर २२० युनिट आहे. गाडीचे १६० युनिट त्या स्वस्त शंभरांत कधीच बसणार नाहीत, ते ढिगाच्या माथ्यावर येऊन पडणार. त्यांतील निम्मे दुसऱ्या टप्प्यात आणि निम्मे तिसऱ्या टप्प्यात जातील. वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचे शुल्क) आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवून या दोन टप्प्यांसाठी अनुक्रमे १३ आणि १८ रुपये धरले, तेव्हा घरच्या मीटरवरचा वर्षाचा खर्च सुमारे २९,५०० रुपये आला. बाहेरच्या चार्जिंगचे ७,४०० मिळवून एकूण ३६,९०० झाले.

महावितरणच्या दरपत्रकात वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे आणि तिला हे घरगुती टप्पे लागत नाहीत. वेगळा मीटर घेतला आणि स्थिर आकारासह सरासरी दहा रुपये पडले असे धरले, तर घरचा खर्च १९,००० वर येतो आणि वर्षाची एकूण बेरीज २६,४०० होते. म्हणजे हायब्रिडच्या तुलनेत बचत घरच्या मीटरवर ३६,००० आणि वेगळ्या मीटरवर ४६,०००. आठ वर्षांत पहिली बचत २.९ लाख आणि दुसरी ३.७ लाख.

या आकड्यांवर नात खूश झाली, परंतु हिशेब इथे थांबवणे अप्रामाणिक ठरले असते. आठ वर्षांनी गाडी विकताना काय मिळेल, हा प्रश्न उरतोच. हायब्रिडच्या जुन्या गाड्यांना आज चांगले गिऱ्हाईक आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीवर साधारणपणे आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी मिळते. काही कंपन्या पहिल्या मालकाला याहून दीर्घ हमी देतात, पण गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की तिच्या अटी बदलतात, आणि जुनी गाडी घेणारा नेमका हाच प्रश्न विचारतो. म्हणून हायब्रिडला मूळ किमतीच्या ३५ टक्के आणि इलेक्ट्रिकला १७ टक्के मिळतील असे सावध गृहीत धरले. फरक साडेतीन लाखांच्या पुढे गेला. तेल, फिल्टर वगैरे नसल्याने सर्व्हिसिंगमध्ये आठ वर्षांत तीसेक हजार वाचतात, तर वायरिंग आणि मीटरला चाळीस हजार जातात. विम्यात तृतीय पक्षाच्या हप्त्यावर इलेक्ट्रिकला १५ टक्के आणि हायब्रिडला साडेसात टक्के सूट असली तरी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बॅटरीच्या किमतीमुळे थोडा अधिक पडतो. सगळे मिळवले तेव्हा वेगळ्या मीटरसह दोन्ही पारडी जवळजवळ समान झाली, आणि घरच्या मीटरवर तर हायब्रिड थोडी स्वस्त निघाली. गाडी आठऐवजी बारा वर्षे वापरली तर इलेक्ट्रिकचे पारडे स्पष्टपणे जड होते, कारण तोपर्यंत दोन्ही गाड्यांची विक्रीकिंमत नाममात्र उरलेली असते आणि बचत मात्र दरवर्षी साठत राहते. या घराने मागची गाडी बारा वर्षे वापरली होती, ही गोष्ट सुनेने शांतपणे लक्षात आणून दिली. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण चर्चेतील सर्वांत मोलाचे वाक्य तेच होते.

प्रदूषणाचा मुद्दा नातीने लावून धरला होता, तोही तपासून पाहिला. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो; लिटरला वीस किलोमीटर धावणारी हायब्रिड त्यामुळे किलोमीटरला ११५ ग्रॅम सोडते. भारतातील वीज अजूनही मोठ्या प्रमाणावर कोळशाची असल्याने एका युनिटामागे सरासरी ०.७ किलो धरावे लागते, आणि ०.१६ युनिटाचे ११२ ग्रॅम होतात. पेट्रोल शुद्ध करण्याचा आणि वीज वाहून नेताना होणाऱ्या गळतीचा भार दोन्हीकडे आणखी थोडा वाढवला तरी आजच्या घडीला फरक फार मोठा नाही. मात्र वीजनिर्मितीत सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा वाढत जाईल तसतशी तीच इलेक्ट्रिक गाडी स्वच्छ होत जाईल, आणि हायब्रिड पहिल्या दिवशी होती तशीच राहील. कर्वे रस्त्याच्या हवेत धूर सोडायचा की नाही, हा प्रश्न निराळा. तिथे इलेक्ट्रिकची बाजू वादातीत आहे.

सोसायटी आणि पार्किंग

पैशांच्या बाबतीत बरोबरी झाल्यावर निर्णयाचा भार रात्री गाडी उभी राहते त्या जागेवर आला. इमारत १९९८ सालची, चोवीस सदनिकांची. खाली खांबांवरचे पार्किंग आहे, मीटर रूम जिन्याजवळ आहे आणि या कुटुंबाची जागा तिथून पस्तीस मीटरवर कंपाउंडच्या भिंतीलगत आहे. सदनिकेचा मंजूर भार तीन किलोवॅट होता.

गाडीच्या विक्रेत्याने ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर देऊ केला होता आणि मुलाने तो गृहीतच धरला होता. हिशेब केला तेव्हा त्याची गरज दिसेना. रोजचे चाळीस किलोमीटर म्हणजे ६.४ युनिट. पंधरा अँपियरच्या साध्या औद्योगिक सॉकेटवर ३.३ किलोवॅटने ते दोन तासांत भरतात. गाडी पूर्ण रिकामी होऊन आली तरच पंधरा-सोळा तास लागतील, आणि तसा प्रसंग वर्षातून तीन-चार वेळाच येणार. कमी भाराची मागणी केल्यामुळे केबल लहान लागली आणि खर्चही आवरला, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे समितीपुढील अर्जाचे स्वरूपच बदलले. ‘चार्जिंग स्टेशन’ हा शब्द ऐकून जे सभासद दचकले असते, त्यांच्यापुढे गीझरपेक्षा थोडा जास्त भार रात्री दोन तास चालणार असा विषय गेला.

तरीही अर्ज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दिला आणि ना हरकत पत्र जानेवारीत हाती आले. वार्षिक सर्वसाधारण सभा नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे डिसेंबरमध्ये विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागली. तिथे तीन हरकती आल्या. पहिली आगीची. ती निव्वळ भीती म्हणून उडवून लावणे योग्य नव्हते. खालच्या पार्किंगमध्ये जुन्या वायरीवरून ओढलेली एक्स्टेन्शन बोर्डे खरोखरच धोकादायक असतात. वेगळा मीटर, सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, बंद पाइपमधून टाकलेली लाइन, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल, एवढे लेखी दिल्यावर ही हरकत मागे घेण्यात आली. दुसरी हरकत खर्चाची होती. सोसायटीला एक रुपयाही पडणार नाही हे ठरावातच नमूद करण्यात आले. तिसरी हरकत एका निवृत्त अभियंत्याची, आणि तीच सर्वांत सयुक्तिक होती. आज एकाला परवानगी दिली, उद्या बारा जण आले तर इमारतीची मुख्य केबल आणि बाहेरचा ट्रान्सफॉर्मर तो भार सोसणार का? यावर सभेने असे ठरवले की प्रत्येकाची कमाल मर्यादा ३.३ किलोवॅट राहील, चार्जिंग रात्री अकरानंतर करावे आणि पाचवा अर्ज येण्यापूर्वी मुख्य भाराची तपासणी करून घ्यावी. आपल्या घराच्या वीजजोडणीवर वाहन चार्ज करण्याची मुभा केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे आणि तिचा हवाला देता आला असता. पण शेजाऱ्यांशी कायद्याच्या भाषेत बोलून मिळवलेली परवानगी पुढे निस्तरावी लागते, असे सुनेचे मत पडले आणि तो कागद पिशवीतच राहिला.

याच सभेत छतावरील सौर पॅनेलचाही विषय निघाला. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते आणि त्यात वाहन चार्जिंगही धरले जाते. समिती त्याचा विचार करत आहे. पाण्याच्या टाक्यांची सावली मोठी असल्याने छतावर किती जागा उरते, हे अजून मोजायचे आहे.

परवानगी हाती येईपर्यंत गाडीची नोंदणी करायची नाही, ही एकच अट प्रस्तुत लेखकाने सुरुवातीपासून घातली होती. परवानगी नाकारली गेली असती तर हायब्रिड घ्यावी, असा सल्ला निःसंकोच दिला असता. केवळ बाहेरच्या चार्जरवर ही गाडी चालवायची म्हटले तर वर्षाचा खर्च पन्नास हजारांच्या घरात जातो, बचत निम्म्यावर येते आणि आठवड्यातून एकदा तासभर गाडीजवळ थांबण्याचा जाच कायमचा मागे लागतो.

कुंभार्ली घाट आणि आजोबांचा आक्षेप

आजोबांचा आक्षेप अनुभवातून आलेला होता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर उत्तर कोकणातील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा ते स्वतः गावी अडकले होते. वीज गेली तर गाडी गावातच उभी राहील, आणि घरात आजी हृदयविकाराच्या रुग्ण आहेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हायब्रिडची टाकी भरलेली असेल तर विजेशिवाय सातशे-आठशे किलोमीटर जाता येते, हे खरेच आहे. त्यावर इलेक्ट्रिकच्या बाजूने तोडीस तोड उत्तर नाही. प्रश्न एवढाच होता की गावी पोहोचल्यावर बॅटरीत किती शिल्लक असते.

ते पाहण्यासाठी नात्यातील एकाची तशाच क्षमतेची गाडी मागून घेऊन डिसेंबरमध्ये चौघांनी गुहागरची खेप केली. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, असा सुमारे २८० किलोमीटरचा रस्ता. पुण्याहून पूर्ण भरून निघालेली गाडी खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याला पोहोचली तेव्हा ६५ टक्के शिल्लक होते. तिथे आजीसाठी एरवीही थांबावेच लागते. चहा-नाष्टा होईपर्यंत बॅटरी ९० वर आली. कोयनानगरला ६३, चिपळूणला ५४ आणि घराच्या अंगणात ४०.

घाटाने या खेपेत बरेच शिकवले. कोयनानगर ते चिपळूण सपाट रस्ता असता तर १४ टक्के गेले असते. उतारामुळे ९ च गेले. परतताना त्याच टप्प्याला २० टक्के लागले. माणसांसह एकोणीसशे किलोची गाडी सहाशे मीटर वर चढवायची म्हणजे निव्वळ उंचीपोटी तीन युनिट मोजावे लागतात, आणि उतरताना त्यांतील दोनेक परत मिळतात. हायब्रिडलाही उतारावर वीज परत मिळते, पण तिची बॅटरी एक युनिटाचीही नसल्याने ती अर्ध्या घाटातच भरून जाते, आणि पुढचा उतार इंजिन-ब्रेकवर उतरावा लागतो. घाटरस्त्यांच्या बाबतीत हायब्रिड वरचढ अशी जी समजूत आहे, तिच्यात तथ्य कमी आहे. ती वरचढ आहे ती पेट्रोलपंप जागोजागी असल्यामुळे.

गावी मात्र फजिती झाली. पडवीतील पंधरा अँपियरच्या सॉकेटला वायर लावली आणि चार्जरवर लाल दिवा लागला. वायरमनने सांगितले की घराला अर्थिंगच उरलेले नाही. जांभ्याच्या जमिनीतील जुना खड्डा कोरडा पडला होता आणि तार गंजून तुटली होती. गाडीचा चार्जर अर्थिंगशिवाय वीज घेत नाही, आणि त्याने तसे करणेच योग्य आहे. आजोबांना हवी होती ती परीक्षा अशी आपोआपच घडली. दोन दिवस गावात फिरून ३४ टक्क्यांवर गाडी निघाली आणि चिपळूणला २० टक्क्यांवर पोहोचली. तिथे मोबाइलवर दोन चार्जर दिसत होते, त्यांपैकी एक बंद निघाला. दुसऱ्यावर पन्नास मिनिटे गेली. साताऱ्याला पुन्हा वीस मिनिटे थांबावे लागले. परतीचा प्रवास एरवीपेक्षा तासाभराने लांबला.

यातून घराने स्वतःपुरता नियम ठरवला. घाट उतरण्यापूर्वी बॅटरीत साठ टक्क्यांहून अधिक असलेच पाहिजे, म्हणजे गावी वीज नसली तरी चिपळूणला किंवा रुग्णालयात जाण्याइतकी सोय राहते. गणपतीच्या गर्दीत निघायचे ते पहाटे, साताऱ्याच्या चार्जरवर रांग लागण्याआधी. पावसाळ्यात घाट बंद झाला आणि वळसा घ्यावा लागला तर किती शिल्लक राहील, याचे उत्तर या खेपेतून मिळाले नाही. ते तसे नोंदवून ठेवले आहे.

राज्याने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर इलेक्ट्रिक मोटारींना दिलेली टोलमाफी शेवटी हिशेबात घेतली. द्रुतगती मार्गाचे एका बाजूचे ३२० रुपये वाचतात, पण हे कुटुंब मुंबईला वर्षातून चारच वेळा जाते. गावच्या वाटेवरील खेड-शिवापूर आणि आनेवाडी हे नाके राष्ट्रीय महामार्गावरचे आहेत, तिथे ही माफी नाही. निर्णय फिरवण्याइतकी ही रक्कम नव्हती.

पाडव्याला इलेक्ट्रिक गाडी घरी आली. मुलाने शेवटपर्यंत हायब्रिडचा आग्रह सोडला नव्हता, पण गाडी किमान बारा वर्षे वापरायची आणि वेगळा मीटर मिळालेला आहे, या दोन गोष्टी मान्य झाल्यावर त्याचे आकडे उभे राहीनात. त्याचा चुलतभाऊ नाशिकला भाड्याच्या घरात राहतो, दर चार वर्षांनी गाडी बदलतो आणि विक्रीच्या कामासाठी धुळे-नंदुरबारकडे सतत फिरतो. त्याने त्याच महिन्यात हायब्रिड घेतली, आणि त्याचा हिशेबही तितकाच बरोबर आहे.

पहिल्या दोन महिन्यांत वेगळ्या मीटरवर महिन्याला सरासरी १५५ युनिटांची नोंद झाली आहे. सोसायटीकडे दुसरा अर्ज आला असून तो त्याच निवृत्त अभियंत्यांचा आहे. मे महिन्याच्या खेपेआधी आजोबा एकटेच एसटीने गावी गेले, वायरमन बोलावून पडवीमागे अर्थिंगचा नवा खड्डा घेतला आणि त्यात मीठ-कोळसा भरून वर पाण्याचा पाइप बसवून घेतला. उन्हाळ्यात त्यात आठवड्याला एक कळशी पाणी घालण्याचे काम शेजारच्या घराकडे दिले आहे.